मागचा डावा

पुढचे तिघे बोलतात, खालचा धमधमतो,
मागचा उजवाही इमानानं साथ देतो.
मागचा डावा मात्र
ऐन वाक्यात गप्प होतो,
पंगतीतून कुणी मधेच उठून जावं तसा,
आणि परततो, काही न सांगता.

एचडीएमआयची केबल बदलली.
राऊटर फ्रिजवरून शोकेसमध्ये नेला.
लोखंडी कपाट दोन हात सरकवलं,
त्यामागं आईची हरवलेली सांडशी सापडली, बाकी काही नाही.
बटण दाबून धरलं दहा मोजेपर्यंत,
सगळ्यांना एकमेकांची ओळख विसरायला लावली,
पुन्हा करून दिली.
नव्या पेठेतून बिराजदारांचा मल्लिनाथ आला.
"अपडेट मारा की ओ."
मारलं. तो चहा पिऊन गेला.
डावा अकरा मिनिटं बोलला.

नान्नांना यातलं काही ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं साखर पेठेत मागांवर जॉबर,
कानांतलं बारीक सूत
तिथंच संपलं.
ते नुसते डाव्याच्या हिरव्या दिव्याकडं बघत बसले
तीन संध्याकाळी,
आणि माग बंद पडला की लिहायचे तसं
कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत गेले:
७.१०. ७.४२. ८.०५.
साडेआठ ते नऊ, काही नाही.
साडेआठला काय असतं, मी खुणेनं विचारलं.
त्यांनी फरशीकडं बोट दाखवलं.

साडेआठला खाली येलदींच्या कारखान्यात
कामगार डबे उघडतात.
चार माग थांबतात.
फरशी थांबते.
ती एरवी हलते,
हे मला या घरात जन्मून कळलं नव्हतं.
त्यांना तळव्यांतून कळतं.

गुडघे धरत ते बोर्डापाशी बसले.
डाव्याची पिन बोटानं हलवली:
दिवा गेला, आला, गेला.
आधी बटण बंद केलं.
मग खणातून जेकॉर्डचं जुनं कार्ड काढलं,
भोकाभोकांचं,
कुठल्यातरी चादरीतल्या मोराची अर्धी मान असेल त्यात,
कात्रीनं तुकडा कापला, दुमडला,
पिनेच्या बुडाशी घट्ट बसवला.

रात्री पिक्चर लावला.
घोडे माझ्या डाव्या खांद्यामागून आले,
एकही टाप न गाळता.
खाली माग चालूच होते.
मी वळून बघितलं, नान्नांना सांगावं म्हणून.
ते कॅलेंडर उलटं धरून लिहीत होते:
९.१५. चालू.