पन्नास किलोमीटरनंतर

तापिओ उपड्या बादलीवर बसतो,
मांडीवर थर्मास, तोंडात हुकूम.
केमियार्वीला काल रात्री पहिलं हीव पडलं,
तळ्याच्या कडेला काचेची किनार,
आणि उन्हाळी टायर आता
म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखे गुळगुळीत.

"आधी जागा बघ, राइली."
बघितली. नऊ वर्षं तीच बघतेय,
शेडसमोरचा सिमेंटचा तुकडा,
बाबांनी सौनाच्या उरल्यासुरल्या मालातून ओतलेला.
खडीवर नाही. उतारावर नाही.
त्या वर्षी खडी होती. उतार म्हणावा तर नव्हताच,
पाण्याच्या थेंबाला कुठे जायचं ते सुचेल, इतपत.

हँडब्रेक. पहिला गिअर.
मागच्या चाकाला दोन्हीकडून भूर्जाच्या पाचरी,
गेल्या हिवाळ्यात मीच तासलेल्या,
चुलीत जाता जाता वाचलेल्या.
"नट सैल कर, चाक जमिनीवर आहे तोवर."
करतेय.
पान्यावर पाय देऊन उभी राहते,
बासष्ट किलोची बाई, बासष्ट वर्षांची.
गंज करकरतो, आणि शेजारच्या ओन्नीचा कुत्रा
दर नटाला एकदाच भुंकतो.

मग जॅक. जॅकखाली जाड फळी.
गाडीच्या पोटाखालची खाच बोटांनी चाचपायची,
डोळे घाईचे असतात.
गाडी एक एक दात वर येते,
आणि तापिओ गप्प होतो.

जीव टांगणीला लागणं म्हणतात ते
आमच्या अंगणात असं दिसतं:
निळी व्होल्वो, तेराशे किलो,
अंगठ्याएवढ्या पोलादावर.
तो थर्मासचं झाकण
उघडतो, लावतो, उघडतो.

एक नट घरंगळला होता, बस्स.
तो घ्यायला तापिओनं नुसता हात घातला,
मग नुसता खांदा.
मी आत मासे तळत होते.
रेडिओ मोठा होता. मला आवडणारं काहीतरी लागलं होतं,
काय, ते आता आठवत नाही,
आठवावं असं वाटतही नाही.
दवाखान्यात त्याची मूठ उघडली तेव्हा
नट तिच्यात होता.

"जॅक उचलायला असतो, भरवशाला नाही."
हे तो आता हसत सांगतो, ओन्नीच्या पोरांना,
पण शिकला ते कमरेनं.

म्हणून स्टँड. लाल, तीन पायांचा, बुटका.
गाडी त्याच्यावर टेकवते आणि खांद्यानं धक्का देते,
हाताखालच्या बैलाला द्यावा तसा.
हलली नाही.
तेव्हा कुठे चाक निघतं.
निघालेलं चाक आडवं करून गाडीखाली सारायचं,
सगळं फसलं तरी तेवढी उंची शिल्लक.
हे काम माझं. नऊ वर्षं माझंच.

आज तो उठला.
बादली लवंडली, कॉफी सिमेंटवर सांडली.
त्यानं चाक धरलं, तीन पावलं लोळवत नेलं,
आडवं पाडलं,
आणि काठीनं ढकललं आत,
नेमकं त्या जागी.
हात घातला नाही.
शहाणपण येतं ते काठीच्या लांबीचंच.

मी खिळ्यांचं चाक उचलून बसवलं.
नट हातानं, मग समोरासमोरचे,
शेजारचा लगेच कधीच नाही.
गाडी खाली आली तेव्हा पान्यानं पाच वेळा टक् म्हटलं.
उरलेल्या तिन्ही चाकांना तो पुन्हा गप्प बसला नाही,
इतकं बोलला की डोकं दुखलं.

पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा बघायचे असतात.
म्हणून दर ऑक्टोबरला आम्ही पेल्कोसेन्निएमीला जातो,
तिथे आमचं कोणी नाही.
पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली मी वाकते.
वीसपैकी एकोणीस जागचे हलले नाहीत.
विसावा पाव वळसा सरकला.
"बघ," तापिओ म्हणाला,
आनंदानं की भीतीनं, मला कळलं नाही.

मग आत जाऊन दालचिनीचा बन घेतला, एकच,
आणि कापायला सुरी नव्हती.