गुरुवारची हजेरी

तपकीर गल्लीत माझं दुकान, इन्व्हर्टर दुरुस्तीचं,
आठ बाय अकरा.
माळ्यावर, मेलेल्या बॅटऱ्यांच्या मागे,
एक डबा चालतो, आम्हा चौघांच्या भागीदारीचा.
दिवा हिरवा, पंखा जरा घोगरा.
गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगतो, सीसीटीव्हीचं आहे.

खरं म्हणजे तो हजेरी देतो.
दर सहा सेकंदांनी कुठल्याशा वहीला म्हणतो,
हजर.
आणि या हजर असण्याचे आम्हाला मिळायचे
वर्षाला अकरा टक्के, नेरियाच्याच नाण्यांत.
ढमढेरे म्हणाला होता पहिल्या दिवशी,
'काही करायचं नाही. फक्त असायचं.'
बावीस वर्षं सोल्डरच्या धुरात बसलेल्या माणसाला
हे वाक्य किती गोड लागतं, काय सांगू.

तेव्हा भाव एकशे चाळीस रुपये.
आज नऊ रुपये वीस पैसे.

रात्री साडेआठला शटर अर्धं ओढून बसतो.
ढमढेरे मोबाइल पालथा ठेवतो, उलटतो, पुन्हा पालथा,
भाकरी करपू नये तसा.
'नाणी बघ ना! तीन हजारांची तीन हजार चारशे झाली.'
तन्वीर अत्तार मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितो.
'पोती वाढली रे,' तो म्हणतो, 'आत माल काय उरला ते बोल.'
'बाजार फिरेल.'
'फिरतोच आहे. गरगरा.'
काढून घ्यायचं म्हटलं तर एकवीस दिवसांचं कुलूप.
एकवीस दिवसांत गणपती बसून, उठून,
मांडवाचे बांबूसुद्धा परत जातात.

चौथ्या भागीदार बोपर्डीकरबाई.
जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेला, ट्रंक कॉलच्या बोर्डावर.
त्या भाव विचारत नाहीत.
स्टुलावर बसून माळ्याकडे बघतात, म्हणतात,
'आज किती जण आहेत लाइनवर?'
'एकसष्ट.'
मागच्या दिवाळीला चारशे बारा होते.
'मग आपला वाटा वाढला असेल.'
वाढला होता. अकराचे सतरा टक्के.
पंगतीतून माणसं उठत जावीत
आणि वाढप्याने उरलेल्यांच्या पानात जिलबी टाकत राहावं, तसं.
भूक कोणालाच नाही. नको, असंही कोणी म्हणत नाही.

गैरहजेरीला दंड आहे.
आणि पुण्यात गुरुवार आहे.
दहा ते पाच वीज नाही, दुरुस्ती.
म्हणून विकायला आणलेल्या दोन नव्या बॅटऱ्या
मी माळ्यावर चढवल्या.
दंड दिवसाला तीस रुपये, बॅटरी चौदा हजारांची.
तन्वीरने एकदा हा हिशेब मांडला,
मग कागदावर चहाचा ग्लास ठेवला.

या गुरुवारी तीनच्या सुमाराला दुसरी बॅटरीही बसली.
मी शेजारच्या जनरेटरवरून वायर ओढली,
बाईंनी खालून टॉर्च धरला.
टॉर्च हलत होता, आवाज नाही.
'एका रात्री नांदेडच्या बोर्डावर कोणीच नव्हतं,' त्या म्हणाल्या,
'तरी दर दहा मिनिटांनी मी बोलत होते.
पुणे बोलतंय. पुणे बोलतंय.'
'काही मिळालं?'
'नाइट अलाउन्स. चार रुपये.'

दिवा पिवळा झाला, मग हिरवा.
मी यादी उघडली.
साठ.
'कोण गेलं?' बाईंनी विचारलं.
तिथं नावं नसतात, नुसती अक्षरं नि आकडे,
बेचाळीस, एका दमात न मावणारे.
त्यांनी चष्मा पुसला
आणि ते सगळे मोठ्याने वाचले, एकेक करून,
मध्ये थांबत,
पलीकडून कोणी दुरुस्ती करेल म्हणून.