तिसावी पुडी

डॉक्टर कोंडकरींनी चष्मा कपाळावर नेला.
"चाची, यंदा रोजे नकोत. सुई सुरू आहे, हट्ट करू नका."
मी पदर डोक्यावर सारखा केला,
दारात कुणी परका यावा तसा.

बाराव्या वर्षी धरलेला पहिला रोजा.
बाळंतपणांत सुटले तेसुद्धा
पुढल्या थंडीत, आखूड दिवसांत
एकेक करून फेडले.
वाण्याची उधारी ठेवली असेल,
अल्लाची नाही.

आता कौशातल्या या तिसऱ्या मजल्यावर
सगळ्या घराच्या पोटात रोजा
आणि माझ्या हातात अर्धी भाकरी.

मौलवी म्हणाले, एका रोज्यामागे
एका गरिबाचं जेवण.
मग तांदूळ मापले. वर्तमानपत्राच्या तीस पुड्या,
दोऱ्याने बांधून कपाटात ओळीने.
सून म्हणाली, "अम्मी, पैसे पाठवा ना, मोबाइलवरून होतं."
होत असेल.
मला दाणे बोटांना लागायला हवे होते.

रोज असरनंतर एक पुडी शिजते,
सोबत सोडे-बटाटा, कधी वालाची उसळ,
आणि डबा जातो मशिदीच्या फाटकाशी
मिस्वाक विकणाऱ्या मेहताबकडे.
मगरीबपर्यंत ती झाकण उघडत नाही.
मांडीजवळ ठेवते, ओढणीने झाकते,
नजर पारसिकच्या डोंगरावर, ऊन कधी विझतंय म्हणून.
माझी भूक तिच्याकडे ठेवायला दिलीय मी.
माझ्यापेक्षा नीट सांभाळते.

पहाटे तीनला पाणी येतं.
मोटार कुणी लावायची यावरून
दर रमजानला जिन्यात भांडण.
म्हटलं, मी उठते. मला काय,
मला दुपारी पोटभर झोप आहे.
स्टुलावर बसते, भिंतीला कान लावून.
टाकी भरत आली की आवाज बारीक होतो,
विहिरीवर घागर भरायची तेव्हा व्हायचा, तसाच.
मग दारं वाजवते. फकी, धनसे,
दुसऱ्या मजल्यावरची नर्स पोरगी,
तिचं दोनदा.
सगळ्यांना वीस मिनिटं झोप जास्त मिळाली.
याचा सवाब किती, कुठल्या वहीत,
मी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी, भर दुपारी,
मी फ्रिजच्या आडोशाला उभी, तोंडात घास.
(लपून खाणाऱ्यांना आयुष्यभर हसले होते.)
मोरीत नळ चालू होता. बंद झाला.
दार उघडून मुनीब बाहेर आला,
माझा नातू, आठ वर्षांचा, आज त्याचा पहिला रोजा,
संध्याकाळी गळ्यात मोगऱ्याचा हार पडायचा होता.
हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.
त्याने माझ्या फुगल्या गालाकडे पाहिलं,
मी त्याच्या हनुवटीकडे.

पदराने त्याचं तोंड पुसलं.
त्याने खुर्चीवर चढून
माझ्या गोळ्यांची डबी काढून दिली.
एवढंच.

संध्याकाळी हार पडला, फोटो निघाले,
मामाने शंभराची नवी नोट दिली.
पोरगा माझ्याकडे बघेना.
"दुआ माग रे," म्हटलं.
मागत राहिला तो, डोळे घट्ट मिटून,
इतका वेळ की भजी निवाली
आणि बाप म्हणाला, "बस कर आता."

एकोणतिसाव्याला चांद दिसला.
गच्चीवर आरडाओरडा, खाली फटाके,
सुनेच्या दोन्ही हातांना मेंदी.
आणि कपाटात एक पुडी शिल्लक.
"खिचडीत टाका," सून म्हणाली.

ईदच्या पहाटे शेवयांच्या आधी
मी तीच शिजायला घातली.
मुनीब नव्या कुर्त्यात, अत्तराचा घमघमाट,
"दादी, रोजे संपले ना? हा कुणाचा डबा?"
"आहे एकाचा. घोटभर राहिला होता."

कान लाल झाले त्याचे.
डबा दोन्ही हातांनी घेतला
आणि एरवी तीन-तीन पायऱ्या उडणारा पोरगा
एकेक पायरी उतरत गेला,
भरलेली घागर नेतात तसा.