तीन डॉलर, डब्यात टाका

मिनेसोटाच्या उत्तरेला, जिथे रस्ता
दोन तळ्यांमधून अंग चोरून जातो,
एका बंद पेट्रोलपंपाच्या डोक्यावर
तीस फुटी फायबरचा वॉलआय मासा बसलाय.
एक डोळा शाबूत. दुसऱ्यात
पाकोळ्यांनी संसार मांडलाय.

मी डुलुथहून पावाची गाडी घेऊन निघालेला.
थांबलो ते माशासाठी नव्हे,
रेडिएटर तापला म्हणून.

दारावर पाटी: आत या. तीन डॉलर, डब्यात टाका.
डबा कॉफीचा. तळाशी एक कॅनडाचं नाणं
आणि तीन बटणं.
"बटणवाला दर उन्हाळ्यात येतो,"
आतून आवाज आला,
"कोट संपेपर्यंत येईल."

व्हर्ना टोलेफसन, वय एकोणऐंशी.
हातात विजेरी, कारण मधल्या खोलीतले दिवे
मागच्या हिवाळ्यात गेले ते गेलेच.
ती उजेड पाडेल तेवढंच संग्रहालय.
बोटीची एकेचाळीस इंजिनं, ओळीत, माना खाली,
शाळेला उशीर झाल्यासारखी.
बरणीभर काचेचे डोळे,
मेलेल्या माशांना बसवायचे, ते उरलेले.
"आकाराप्रमाणे नाही, स्वभावाप्रमाणे लावलेत,"
म्हणत ती पुढे सरकते. मी अंधारात
एका रागीट डोळ्यापाशी जरा रेंगाळतो.

छपरातून पाणी ठिबकतंय, खाली बादली.
भिंतीवर चार हजार गळ असलेल्या घराला
गळतीचं कसलं कौतुक!

मग डॉक्टर ओडेगार्डचा फळा.
चाळीस वर्षं माणसांतून उपसलेले गळ,
प्रत्येकाखाली टाइप केलेली चिठ्ठी:
अंगठा, जुलै.
नाकपुडी, पाद्रीसाहेब, नाव लिहू नये ही विनंती.
बसायची जागा, दोघे भाऊ, गळ एकच.
आणि कोपऱ्यात, पितळी, आखूड दांडीचा:
डावा कान, कुमारी व्ही. हाउगेन, जून एकसष्ट.

व्हर्ना केस मागे सारते.
पाळीवर वण, तांदळाच्या कणीएवढा.
"एल्डननं मागे न बघताच गळ फेकला.
दवाखान्यापर्यंत दोरी कापली नाही बाबानं,
दोरी नवी होती.
तो पुढे, मी मागे, भर रस्त्यानं, गावादेखत.
पुढच्या रविवारी आला लग्नाचं विचारायला.
गळाला कोण लागलं,
यावर बावन्न वर्षं वाद चालला.
आता तोच नाही.
म्हणजे मी जिंकले म्हणायचं."
विजेरी तिनं एकदा विझवून पुन्हा लावली.

बाहेरच्या खोलीत नोंदवही, वर पंखा.
पानं उडू नयेत म्हणून शिशाचे दोन गोळे.
मी एक उचलला तर मनगट खाली गेलं.
तिनं भिंतीवर उजेड वळवला:
चोपन्न इंची मस्की, जबडा वासलेला,
खाली पट्टी, काउंटीचा विक्रम,
नाव एल्डनच्या बापाचं.
"पेंढा भरायला पोट फाडलं, तेव्हा हे निघाले.
सासरे होते तोवर पिठाच्या डब्यात लपवले.
नंतर पट्टी उतरवायची की गोळे तळ्यात फेकायचे,
दोन रात्री भांडलो.
शेवटी दोन्ही ठेवलं.
कुणी विचारलं तर सांगते.
नाही विचारलं, तर वही दाबून धरायला बरे."
मी विचारलं नव्हतं.

वहीत तीन रकाने: नाव, गाव,
सुटलेल्या माशाची लांबी.
पानामागून पानं, चौतीस इंच, एकोणचाळीस,
एका मुलाच्या अक्षरात: बाबांएवढा.
"मी कधी गळच टाकला नाही," मी म्हटलं.
"मासा कुठे म्हणाले? हात पसर."
मी पसरले.
ती खिशातून शिवणाची टेप काढते,
माझ्या दोन तळव्यांमधली हवा मापते,
चष्मा वर करून आकडा बघते.
"सव्वीस. लिही."

लिहिलं. रेडिएटर निवला होता.
मैलभर गेल्यावर ध्यानात आलं,
स्टिअरिंगवरचे हात
अजून तेवढेच लांब धरलेत.