पुरे म्हणेपर्यंत

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी
आम्ही चौघी कार्मेलोकडे जेवतो,
बेडफर्डला, मिडलंड रोडवर,
चाव्या करून देणाऱ्याच्या शेजारी.
टेबलावर लाल चौकड्यांचं मेणकापड,
कोपराला किंचित चिकटणारं.
भिंतीवर कार्मेलोच्या बापाचा फोटो, मागे विटांची रास.
विटा भाजायला आला म्हणे या गावात,
आणि इथल्या जेवणाची तऱ्हा बघून
स्वतःच चूल मांडून बसला.

हेमांगीला सगळा मेनू वाचायचा असतो,
मोठ्याने, चष्मा कपाळावर सरकवून,
आणि शेवटी मागवायचा तोच पालकाचा लझान्या.
येतुंदे पर्समधून हिरव्या मिरच्या काढते,
टिश्यूत गुंडाळलेल्या.
कार्मेलो दुसरीकडे बघतो.
पंधरा वर्षं दुसरीकडे बघतोय.

ब्रॉन्वेन म्हणाली, मला फक्त सूप.
दुपारी उशिरा जेवलेय.

कुणी काही बोललं नाही.
तिची लायब्ररी बंद होऊन अकरा आठवडे झाले होते
आणि अकरा आठवडे आम्ही तिला
"काय मग, आराम?" असं विचारत होतो.
इतक्या हुशार आम्ही.

मग पोऱ्या आला चीज किसायला.
बशीवर किसणी धरून उभा;
पुरे कधी, ते तुम्ही सांगायचं.
मला दर वेळी हसू येतं.
आमच्या पंगतीत तूप वाढणारी अशीच यायची,
भातावर हात आडवा धरला
तरी बोटांच्या फटीतून धार सोडायची.
एकदाच म्हटलेला नको आमच्यात धरत नाहीत.
पहिला रीतीचा, दुसरा संकोचाचा,
तिसऱ्याला पोट खरंच भरलेलं असतं
आणि तरी चमचाभर पडतंच.

इंग्रजीत एकदाच म्हणतात.
आग्रहाला त्या भाषेत नेमका शब्द नाही.
मी शोधलाय, ब्रॉन्वेनच्याच लायब्ररीत,
जाड कोशात.
तिनेच स्टुलावर चढून काढून दिला होता.

तर मी आग्रह केला.
माझी न्योकी संपेना, असं नाटक केलं.
हेमांगीने लझान्याचा कोपरा कापून पुढे सरकवला,
येतुंदेने पिझ्झाचे दोन तुकडे, मिरच्या वेचून.
आईने बघितलं असतं तर उष्टं उष्टं म्हणून उठली असती;
तीन काटे तीन बश्यांत फिरत होते,
कुणाचं काय ते उरलंच नव्हतं.

नो, थँक्स, म्हणाली ब्रॉन्वेन.
मी ऐकलं, नको गं. पहिला.
अगदी थोडं, मी म्हटलं.
नो. दुसरा.
मी सवयीने चमचा उचलला,
आणि तिने वाडग्यावर हात धरला,
आडवा.
बोटं मिटलेली. फट नव्हती.

पलीकडच्या टेबलापाशी पोऱ्या म्हणत होता,
सांगा हं, सांगा.

बिल आलं. हेमांगीने झडप घातली,
मी तिच्या मनगटावर.
हा आमचा जुना खेळ, यात कुणीही जिंकलं तरी चालतं.
तोवर ब्रॉन्वेनने पाकीट उलटं केलं होतं.
सहा पौंड चाळीस.
मोठी नाणी आधी, मग चिल्लर,
मेणकापडावर जागच्या जागी राहणारी.
टीपचे पन्नास पेनी वेगळे, जरा अंतर राखून.
उशिराचा दंड मोजायची काउंटरवर, तसं मोजलं,
ओठ न हलवता.
वेळ लागला.

आम्ही तिघी बघत बसलो.
हात मांडीवर ठेवण्यात एवढे कष्ट असतात
हे मला ठाऊक नव्हतं.

बाहेर वारा. उरलेल्याचा डबा हेमांगीच्या हातात,
तो कुणी न्यायचा यावर कुणी बोलेना.
येतुंदे बसची वेळ बघत होती.
पुढच्या महिन्यात माझ्याकडे या,
ब्रॉन्वेन मफलर गुंडाळत म्हणाली,
सूपच असेल.

कशाला गं उगाच त्रास,
हे ओठांवर आलं होतं माझ्या, रीतीचं, पहिलं.
गिळलं.
येऊ, म्हटलं.

हेमांगीने विचारलं, पालक घालतेस का त्यात?