थंड इंजिन

जुनी गाडी पाहायची तर सकाळीच पाहावी म्हणतात,
रात्रभर उभी असलेली,
पहिल्या चावीला तिला खोटं बोलता येत नाही.
म्हणून साडेसहालाच आम्ही झिंगाबाई टाकळीत,
मी, शलाका,
आणि मागून लुनावर इद्रीस मिस्त्री,
खांद्यावर फडकं, गालात कालचा खर्रा.

नवतपा लागलेला.
इद्रीसनं बॉनेटवर तळहात ठेवला
आणि तसाच उभा राहिला.
गरम.
आता ही कालच्या उन्हाची उरलेली धग,
की आम्ही यायच्या आधी कोणी चालू करून ठेवली,
हे मे महिन्यात नागपुरात
कोण सांगणार?

पांढरी, दहा वर्षांची, एकतीस पासिंग.
मागच्या काचेवर ताडोबाचा वाघ, अर्धा सोललेला.
तितरमारे काकूंनी चावी आणून दिली
कागदाच्या पुडीत, औषधासारखी.

चालू केली. मला तर झकास वाटली.
शलाकानं कपाळ आवळलं.
"बाबा, टकटक येऊन राहिली."
"कुठे?"
"येऊन राहिली ना. सारखी."

एकोणतीस वर्षं काढली मी कोराडीला, टर्बाइनशेजारी.
कानात कापूस घालायचो, तोही आठवला तर.
आता कुकरच्या शिट्ट्या मी मोजत नाही,
फोन वाजला की मांडीला कळतं.
आमच्या गल्लीतली पाखरं कुठंतरी गेली,
असं तीन वर्षं समजून चाललो होतो,
शलाका म्हणाली, आहेत ना, कडुनिंबावर, ढीगभर.
असल्या माणसानं साडेतीन लाखांना
कोणाच्या कानांनी गाडी घ्यायची?

इद्रीसनं हातभर लांबीचा पेचकस काढला,
टोक इंजिनाला लावलं, मूठ माझ्यापुढे धरली.
"कान से नहीं, साहब. दाँत में पकड़ो."
पकडली.
ग्रीसची चव, रॉकेलची,
आणि मग जबड्यातून कपाळात चढत
टक.
टक.
टक.
कितीतरी दिवसांनी एवढी बारीक गोष्ट
थेट माझ्यापर्यंत आली होती.
मी मूठ सोडेचना. शलाका हसली.

"चेन है," इद्रीस म्हणाला. "नहीं तो टॅपेट.
खोले बगैर खुदा भी नहीं बोलेगा.
पच्चीस पकड़ो. चालीस भी लग सकते."

काकू फाटकाशी उभ्या.
"तो आवाज तर आधीपासूनच आहे हो.
हे कोपऱ्यावर वळले की ऐकू यायचा,
मी तवा ठेवायची."
मायलेज सांगावं तसं सांगितलं त्यांनी,
आणि वर म्हणाल्या,
"पण मिस्त्री म्हणतात तर असेल खराब."

साडेतीनातून चाळीस हजार मी दोनदा वजा केले.
गाडी चालवणार शलाका.
बुटीबोरीला, रात्रपाळी.
वर्धा रोडवर दीड वाजता चेन तुटली
तर ती फोन कोणाला करील?
आणि माझी मांडी तेव्हा
झोपलेली असेल.

संध्याकाळी कळवतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं.
गाडी पाहणारे सगळे असंच म्हणतात
आणि ऐकणाऱ्याला काय ते कळतं.
काकूंनी पुडीचा कागद सरळ करायला घेतलाही होता.
मग तोंडून निघालं भलतंच,
"उद्या पहाटे येतो. चारला. एकदम थंड ऐकायची आहे.
रात्रभर कोणी हात लावू नका."

"चार बजे?" इद्रीस लुनावरून ओरडला,
"फिर चाय कौन देगा?"

काकू जरा घुटमळल्या.
चावी घडीच्या कागदावर तशीच.
"बॅटरी उतरू नये म्हणून
मी रोज सकाळी चालू करते.
पाचच मिनिटं," त्या म्हणाल्या.
"उद्या नाही करत."