शेरा

सेंट जॉन्सला मार्चअखेर धुकं बंदरातून वर चढतं
आणि पाचव्या मजल्यावर माझ्या खिडकीशी येऊन थांबतं.
टेबलावर अकरा फॉर्म. सहामाही मूल्यमापन.
एकतीस वर्षं सर्जन आहे मी,
शेरे लिहायला मला कधी वेळ लागला नाही.

डेस्मंड क्रिच:
ठाम. निर्णय झटपट. चुका होतात, अनुभवानं सुधारतील.
मेव्ह पार्डी:
कष्टाळू. नर्सेसशी वागणं गोड. आत्मविश्वास वाढायला हवा.
आणि खाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात:
वरिष्ठांशी बोलताना सूर सांभाळावा.

नावं झाकून फॉर्म समितीपुढे ठेवायचे, असा यंदा नवा नियम.
ग्लेनिसनं काळी पट्टी चिकटवली, गठ्ठा फेटला,
मग चहा पिता पिता सहज वाचत बसली
आणि दोन ढीग केले. बाया इकडे, बाप्ये तिकडे.
अकराच्या अकरा बरोबर.
"यात काय अवघड आहे, डॉक्टर?" म्हणाली,
आणि बिस्किट बुडवलं.

माझी स्वतःची फाइल आहे खालच्या खणात.
अठ्ठ्याऐंशी साल, डॉक्टर नोजवर्दींचं तिरकं अक्षर:
ऑपरेशन टेबलाशी चेहरा जरा हसरा असावा.
मास्कच्या आत, साहेब?
हे मी त्यांना विचारलं नव्हतं.
घरी जाऊन आरशासमोर, मास्क लावून,
नुसत्या डोळ्यांनी हसायचा सराव केला होता.

फेब्रुवारीत एका रात्री बोटीच्या विंचखाली सापडलेला माणूस आणला.
पंचावन्नचा, ओठ निळे, छातीत रक्त साचलेलं.
मी जागा शोधत होते.
मेव्ह मला एक वाक्य बोलली.
मी बाजूला झाले.
एका कापात नळी आत, रक्त बाहेर,
माणूस परवा चालत घरी गेला,
जाताना मला कॉड देऊन गेला, मीठ लावलेला.
मला.

सही घ्यायला मेव्ह आली.
उभ्यानंच वाचलं. वही काढली.
"आधी काय करू?" तिनं विचारलं,
"सूर सांभाळू, की आत्मविश्वास वाढवू?"
आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट.
ती खरंच लिहून घेणार होती.

बस, म्हटलं. बसली नाही.
बंदरावर धुक्याचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला.
मी फॉर्म ओढून घेतला, पेनाचं टोपण काढलं.
त्या रात्री काय म्हणालीस मला? शब्दन् शब्द सांग.

तिनं दाराकडे पाहिलं.
"मी म्हटलं होतं,
हात काढा."